ब्रिजमधील पहिली उतारी आणि बचावाचे इशारे

कॉन्ट्रॅक्ट ब्रिजमध्ये बोली संपल्यावर डिक्लेररच्या (ठरलेल्या बोलीप्रमाणे हात करायला खेळणाऱ्याच्या) डाव्या बाजूचा खेळाडू जे पान खेळतो ती पहिली उतारी. ते पान आधी पालथे ठेवायचे असते. भिडूला काही विचारायचे असल्यास त्याला तेवढी सवड मिळते, आणि उतारी चुकीच्या माणसाने केली असेल तर ते वेळीच लक्षात येते. डमीची, म्हणजे डिक्लेररच्या भिडूची, पाने त्यानंतरच टेबलावर उघडतात. डिक्लेररला आपल्या बाजूची सव्वीसही पाने दिसतात. बचाव करणाऱ्याला भिडूची तेरा दिसत नाहीत. ही उणीव भरून काढण्यासाठी बचावातले दोघे कोणते पान आधी आणि कोणते नंतर टाकायचे यातून एकमेकांना माहिती देतात. त्यालाच इशारे म्हणतात.

कोल्हापुरात पेठेच्या कट्ट्यावर मेंढीकोट खेळलेल्याला हुकूम, भिडू, उतारी, कापणे हे सगळे अंगवळणी पडलेले असते. अडचण येते ती सवयींची. कट हुकमाच्या (रंग संपल्यावर हुकूम ठरणाऱ्या) मेंढीकोटात एखादा रंग लवकर संपवणे सोयीचे ठरते, म्हणून एकटे पान उतरण्याकडे ओढा असतो. हातातला एक्का वाजवून घेण्याचीही घाई असते. ब्रिजमध्ये नो ट्रम्पच्या, म्हणजे हुकूम नसलेल्या, बोलीविरुद्ध या दोन्ही गोष्टी बहुधा महागात पडतात. तिथे आपला सर्वांत लांब रंग काढायचा आणि वरची पाने निघून गेल्यावर त्यातल्या लहान पानांचे हात करायचे.

त्या रंगात राजा-राणी-गुलाम किंवा राणी-गुलाम-दश्शी अशी सलग तीन पाने असतील तर सर्वांत वरचे उतरावे. तशी नसतील तर वरून चौथे. या चौथ्या पानावर अकराचा नियम चालतो: अकरातून उतारीच्या पानाचा आकडा वजा केला की उरलेल्या तीन खेळाडूंकडे मिळून त्याहून मोठी किती पाने आहेत ते कळते. एक्का चौदा धरला तर कोणत्याही पानाहून मोठी पाने चौदा वजा तो आकडा इतकी असतात, आणि त्यांतली तीन उतारी करणाऱ्याकडेच असतात, म्हणून अकरा. समजा भिडूने बदामाची छक्की उतरली. डमीत राजा, नव्वी, तिर्री आहेत. तुमच्याकडे एक्का, दश्शी, अठ्ठी. अकरातून सहा गेले, राहिले पाच. डमीत दोन, तुमच्याकडे तीन. म्हणजे डिक्लेररकडे छक्कीहून मोठा एकही बदाम नाही. डमीतून तिर्री आली तर अठ्ठीने हात होतो आणि एक्का डमीतल्या राजासाठी शिल्लक राहतो. जोडीने वरून तिसरे पान उतरायचे ठरवले असेल तर हाच हिशेब बारातून करायचा.

हुकमाच्या बोलीविरुद्ध एकटे पान उतरणे चांगले, पण कापायला लहान हुकूम हाताशी हवा. दोनच पाने असतील तर आधी मोठे, मग लहान. एक्का हातात ठेवून त्याखालचे पान उतरणे टाळावे: डिक्लेररकडे एकटा राजा असला तर तो निसटतो आणि पुढच्या फेरीत एक्का कापला जातो. डमीत हुकूम कमी आहेत आणि एखादा रंग तिथे कापला जाणार, असे बोलीवरून वाटले तर हुकूमच उतरावा.

इशारे मुख्यतः तीन. भिडूच्या उतारीवर मोठे पान टाकले तर ‘हाच रंग चालू ठेव’, लहान टाकले तर ‘नको’. हा पसंतीचा इशारा. डिक्लेरर स्वतः रंग खेळतो तेव्हा संख्येचा इशारा द्यायचा: मोठे मग लहान म्हणजे सम, लहान मग मोठे म्हणजे विषम. याची खरी गरज डमीत लांब रंग असून तिथे पोहोचायला दुसरी वाट नसते तेव्हा पडते. डमीत चौकटचे राजा, राणी, गुलाम, दश्शी, तिर्री आहेत आणि तुमच्याकडे एक्का, अठ्ठी, चव्वी. भिडूने सत्ती आणि मग दुर्री टाकली तर त्याच्याकडे दोन, म्हणून डिक्लेररकडे तीन. एक्का तिसऱ्या फेरीपर्यंत दाबून ठेवावा. दुर्री आधी आली तर भिडूकडे तीन, डिक्लेररकडे दोन, आणि एक्का दुसऱ्याच फेरीत घ्यावा. एक फेरी लवकर घेतला तर डिक्लेररकडे डमीत जाण्यासाठी एक पान उरते, एक फेरी उशिरा घेतला तर एक हात फुकट जातो.

तिसरा इशारा रंग सुचवण्याचा. अनेक जण त्याला, तो सुचवणाऱ्याच्या नावावरून, लॅव्हिंथल म्हणतात. इस्पिक हुकूम आहे, भिडूने एकटी चौकट उतरली, तुम्ही एक्क्याने हात घेतला आणि त्याला कापायला चौकटच परत दिली. ती मोठी असेल तर कापून झाल्यावर त्याने बदाम खेळावा, लहान असेल तर किलवर. हुकूम आणि चालू रंग वगळून उरलेल्या दोनांत (वरून इस्पिक, बदाम, चौकट, किलवर या क्रमाने) वरचा की खालचा, एवढाच प्रश्न असतो.

सर्वांत जास्त गोंधळ होतो तो एकाच पानात तिन्ही अर्थ शोधल्यामुळे. क्रम पक्का ठरवावा: भिडूच्या उतारीवर पसंती, डिक्लेररच्या खेळावर संख्या, आणि हे दोन्ही उघडच असतील तेव्हाच रंग सुचवणे. जे पान पुढे हात करू शकते ते इशाऱ्यात खर्चू नये. काही जोड्या उलटे इशारे वापरतात, लहान म्हणजे ‘हवे’, ते याचसाठी: आवडीच्या रंगातले मोठे पान वाचते. संख्या प्रत्येक वेळी सांगू नये. ती डिक्लेररही वाचतो, आणि एखाद्या रंगाची राणी कोणाकडे आहे हे त्याला तुमच्याच पानांवरून उमगते.

इशारा पानाचाच असावा. पान आपटणे, मुद्दाम रेंगाळणे, डोळ्यांनी खुणावणे हा नियमभंग आहे. 1975 साली बर्म्युडातील जागतिक स्पर्धेत एका जोडीवर टेबलाखालून पायाने खुणा केल्याचा आरोप झाला. नंतर मोठ्या स्पर्धांत टेबलाखालीही आडोसा आला. जोडीने ठरवलेल्या इशाऱ्यांचा अर्थ प्रतिस्पर्ध्याने विचारला तर सांगावाच लागतो.

चुकीच्या खेळाडूने उघडे पान उतरले तर डिक्लेररपुढे पाच पर्याय असतात: ती उतारी मान्य करून स्वतः डमी होणे, मान्य करून स्वतःच खेळणे, योग्य खेळाडूला त्याच रंगाची उतारी करायला लावणे, त्या रंगाला मनाई करणे, किंवा त्याला हवे ते उतरू देऊन चुकीचे पान दंडाचे म्हणून टेबलावर उघडे ठेवायला लावणे. पहिल्या चार पर्यायांत ते पान दंडाचे राहत नाही.