एक पोतं उरतंयच

सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीची पोती लावणं चाललं होतं. पोती 37. सहा-सहाच्या ओळी धरल्या, एक उरलं. चार-चारच्या धरल्या, तरी एक उरलंच. "एक उरतंयच की ओ," म्हणत हमालानं ते भिंतीला टेकवलं आणि विषय मिटवला. 37 पोत्यांचा चौकोन काही केल्या पुरा होत नाही, फार तर एक लांबलचक रांग होते. म्हणून 37 ही मूळ संख्या.

आता 2147483647 घ्या. 31 वेळा 2 मांडून गुणाकार करा, त्यातून 1 वजा करा, की ही संख्या येते. शेवटी 7 आहे, म्हणजे 2 आणि 5 गेले. अंकांची बेरीज 46, म्हणजे 3 गेला. पण पुढं? हिचं वर्गमूळ 46340 च्या जरा वर, आणि तिथवर पावणेपाच हजारांहून जास्त मूळ संख्या. एकेकीनं भागत बसणार कोण?

अठराव्या शतकातला गणितज्ञ ऑयलर बसला, पण आधी त्यानं चाळण लावली. हिला भाग जायचाच असेल, तर तो अशाच मूळ संख्येनं जाईल जिला 248 नं भागल्यावर बाकी 1 किंवा 63 राहते. चाळून शंभरसुद्धा उरल्या नाहीत. एकीनंही भाग गेला नाही. हे त्यानं 1772 मध्ये पत्रातून कळवलं, तेव्हा त्याची दृष्टी जवळपास गेलेली होती. (आम्हाला चष्मा लावूनही किराण्याची बेरीज दोनदा करावी लागते.)

हीच संख्या तुमच्याआमच्या संगणकांतही दबा धरून आहे. संगणक आकडा ठेवतो तो बिटांच्या खणात; एका बिटात 0 किंवा 1 एवढंच मावतं. 32 बिटांपैकी एक बिट चिन्हासाठी ठेवलं, की 31 उरतात आणि त्यांत मावणारा सर्वांत मोठा आकडा हाच. 1 जानेवारी 1970 पासूनचे सेकंद अशा खणात मोजणारी जुनी यंत्रं 19 जानेवारी 2038 ला, आपल्याकडे सकाळचे 8 वाजून 44 मिनिटं 7 सेकंद झाले, की काठोकाठ भरतील. पुढच्याच सेकंदाला त्यांना डिसेंबर 1901 दिसेल.

खण भरणारा आकडा मूळ निघाला, हा मात्र योगायोग. 16 बिटांचा 32767 म्हणजे 7 × 31 × 151. 2 चा घात 15 असो वा 63, तो संयुक्त असला की 1 वजा करून येणारी संख्या फुटतेच. घात मूळ असला तरी भरवसा नाही: 11 घेतला तर 2047 येतात, म्हणजे 23 × 89.

आणि 2147483647 पोत्यांतलं एक भिंतीला टेकवलं तर? उरलेल्यांच्या दोनच्या, तीनच्या, सातच्या, अकराच्या, एकतीसच्या, हव्या तशा ओळी लागतात.