बहुमत म्हणजे नक्की किती? अमेरिकेतल्या टोकाच्या उमेदवारांची पार्श्वभूमी

दर चार वर्षांनी हा प्रश्न येतोच. ज्याचं नाव काढलं की घरातले दोघं जण भरल्या ताटावरून उठून जातात असा माणूस पक्षाचं प्रेसिडेंटचं नॉमिनेशन, म्हणजे पक्षाची अधिकृत उमेदवारी, मिळवू शकतो का? मग लोक सर्व्हे काढतात, इतके टक्के नापसंती, इतके टक्के "मेलो तरी मत देणार नाही" वगैरे. माझं म्हणणं असं की सर्व्हे ठेवा बाजूला आणि पक्षाचं त्या वर्षीचं नियमांचं पुस्तक उघडा, त्यात बहुमत कशाला म्हटलंय ते बघा. अर्धं उत्तर तिथेच असतं.

नावं मुद्दाम घेत नाहीये, वाचणाऱ्यांना कळतीलच, आणि नाव घेतलं की चर्चा लगेच त्या माणसावर घसरते, नियम राहतो बाजूला.

आधी त्या शब्दाचा घोळ. मराठीत आपण "बहुमत" दोन अर्थांनी वापरतो. एक म्हणजे सगळ्यांत जास्त मतं, दुसरा म्हणजे अर्ध्याच्या वर. आमदारकीला चौरंगी लढत झाली की माणूस ३५ टक्क्यांत निवडून येतो, ६५ टक्के लोकांना तो नको असतो तरी गुलाल त्याच्याच अंगावर. पण तोच माणूस विधानसभेत गेला की तिथे २८८ पैकी १४५ लागतात, १४४ वर काही चालत नाही, मग कोण कुठल्या हॉटेलात हे सुरू होतं. अमेरिकन नॉमिनेशनमध्ये हे दोन्ही प्रकार एकावर एक रचलेले आहेत. राज्याराज्यात (प्रायमरीत, म्हणजे पक्षाचा उमेदवार कोण यावर मतदारांच्या मतदानात) बऱ्याचदा पहिला प्रकार आणि शेवटी कन्व्हेन्शनला, म्हणजे राज्यांनी पाठवलेल्या प्रतिनिधींच्या (डेलिगेट्सच्या) सभेत, दुसरा. टोकाचा उमेदवार असतो त्याच्याकडे कट्टर ३०-३५ टक्के असतात, बाकीचे त्याच्या विरोधात पण आपसात फुटलेले. म्हणजे पहिल्या प्रकारात तो पहिलवान आणि दुसऱ्यात त्याला धाप लागते. सगळा खेळ असा की पहिल्या प्रकारच्या जिंकण्यातून दुसऱ्या प्रकारचा आकडा जमतो का.

जुन्या काळात तो जमू नये अशीच सोय होती, निदान डेमोक्रॅट्सकडे. १८३२ पासून १९३६ पर्यंत त्यांच्यात नियम होता की नॉमिनेशनला दोन तृतीयांश डेलिगेट्स पाहिजेत. म्हणजे एक तृतीयांशाला व्हेटोच. १९१२ ला बाल्टिमोरमध्ये लोअर हाउसच्या स्पीकरला अर्ध्याच्या वर मतं मिळाली होती, तरी पडला, आणि ४६ व्या फेरीत भलताच माणूस उमेदवार झाला आणि पुढे प्रेसिडेंटही. १९२४ ला न्यूयॉर्कमध्ये तर कहरच, एक कॅथलिक, दारूबंदीच्या विरोधातला शहरी गव्हर्नर आणि दुसरा दारूबंदीवाला, ज्याला क्लॅनवाल्यांचा (कू क्लक्स क्लॅन, गोऱ्यांच्या वर्चस्वासाठीची संघटना) पाठिंबा. दोघंही टोकाचे, दोघांनाही अडवायला पुरेशी माणसं. १०३ फेऱ्या! दोन आठवड्यांच्या वर चाललं आणि शेवटी कोणाच्या डोळ्यात न खुपणारा एक वकील उभा केला, तो दणकून आपटला. १९३६ ला दोन तृतीयांशचा नियम काढला, साधं बहुमत आलं.

तेव्हा प्रायमऱ्या होत्या पण नावापुरत्या. एबी फॉर्म खिशात घेऊन फिरणारे पक्षश्रेष्ठी तिथेही होते, फक्त त्यांच्या खोलीत धूर जास्त असायचा.

टोकाच्या माणसानं ही भिंत पहिल्यांदा नीट फोडली ती १९६४ ला, रिपब्लिकन पक्षात. ॲरिझोनाचा सिनेटर. अणुबॉम्बपासून पेन्शनपर्यंत काहीही बोलून ठेवायचा, पूर्वेकडचे पैसेवाले रिपब्लिकन त्याच्या नावानं बोटं मोडायचे. पण त्याच्या पोरांनी प्रायमरीच्या झगमगाटात न पडता छोट्या छोट्या राज्यांतल्या काउंटीच्या (म्हणजे जिल्ह्याच्या) मीटिंगा काबीज केल्या, जिथे पंधरा माणसं जमतात आणि डेलिगेट ठरतात. मग २ जून १९६४ ची कॅलिफोर्निया, ८६ डेलिगेट्स, जिंकेल त्याला सगळे. समोर न्यूयॉर्कचा गव्हर्नर, गडगंज, आदल्याच वर्षी घटस्फोटानंतर दुसरं लग्न केलेला. मतदान मंगळवारी आणि शनिवारी त्याच्या नव्या बायकोला मुलगा झाला, झालं, पेपरात परत त्या लग्नाचीच चर्चा. ॲरिझोनावाला ५१.६ टक्क्यांनी काठावर पास आणि ८६ च्या ८६ त्याचे. पुढे कन्व्हेन्शनला त्या गव्हर्नरला भाषण करू देईनात इतकी हुर्यो उडवली. नोव्हेंबरमध्ये सिनेटर सहा राज्यं जिंकला फक्त, त्यातलं एक त्याचं स्वतःचं. तेव्हापासून "टोकाचा माणूस नॉमिनेशन जिंकतो आणि निवडणूक हरतो" ही म्हण पडली, जी पुढे १९८० ला कॅलिफोर्नियाच्या माजी गव्हर्नरनं खोटी पाडली, ४४ राज्यं घेऊन. त्यालाही लोक टोकाचाच म्हणत होते.

आता १९७२. यावर मी जरा रेंगाळणार आहे कारण बहुमत या शब्दाची इतकी चिरफाड दुसरीकडे कुठे झालेली नाही.

१९६८ ला शिकागोत डेमोक्रॅट्सच्या कन्व्हेन्शनला जो राडा झाला तो माहीतच आहे. एकही प्रायमरी न लढलेल्या माणसाला उमेदवार केलं म्हणून पोरं पेटली. मग पक्षानं सुधारणा समिती नेमली, डेलिगेट कसे निवडायचे, बायका-तरुण-काळे लोक किती पाहिजेत याचे नियम केले. त्या समितीचा पहिला अध्यक्ष साउथ डकोटाचा सिनेटर, आणि १९७२ ला त्याच नियमांवर तोच उमेदवारीला उभा. व्हिएतनाम युद्धाच्या कट्टर विरोधात, कामगार युनियनवाल्यांना आणि दक्षिणेतल्यांना तो अजिबात चालत नव्हता. पण परत कॅलिफोर्निया, परत जूनमध्ये, परत जिंकेल त्याला सगळे. त्याला मिळाले ४३.५ टक्के, समोरच्या माजी उपराष्ट्राध्यक्षाला ३८.६. डेलिगेट्स? २७१ पैकी २७१.

हरलेल्यांनी काय केलं, पक्षाच्या छाननी समितीत गेले आणि म्हणाले की सगळे एकालाच हे सुधारणेच्या भावनेच्या विरोधात आहे, मतांच्या प्रमाणात वाटा. समितीनं मान्य केलं आणि १५१ काढून घेतले, राहिले १२०. आता यात कोणाची बाजू बरोबर? तत्त्व म्हणून वाटप बरोबरच, पण खेळ झाल्यावर नियम बदलणं म्हणजे गल्लीतल्या क्रिकेटसारखं, बॅट माझी म्हणून मी आउट नाही. आणि गंमत म्हणजे सुधारणांचा बाप असलेला माणूस इथे "जिंकेल त्याला सगळे"चं समर्थन करत होता आणि जुने बॉस लोक न्याय्य वाटपाच्या गप्पा मारत होते. प्रकरण पार सुप्रीम कोर्टापर्यंत गेलं, कोर्टानं हात काढून घेतला, कन्व्हेन्शननंच ठरवा.

कन्व्हेन्शन मायामी बीचला. एकूण डेलिगेट ३०१६, म्हणजे बहुमत १५०९. सरळ आहे ना? नाही. त्या १५१ जागांवरच वाद, तर कॅलिफोर्नियाच्या प्रश्नावर त्या १५१ जणांना मत देता येणार नाही. मग उरले २८६५. त्यांचं बहुमत १४३३. आता १५०९ लागणार की १४३३? कन्व्हेन्शनच्या अध्यक्षांनी निर्णय दिला १४३३. विरोधक टपून बसले की या निर्णयाला सभागृहात आव्हान द्यायचं.

पण कॅलिफोर्नियाच्या आधी मतदान होतं साउथ कॅरोलायनाच्या प्रश्नावर, तिथल्या डेलिगेशनमध्ये बायका कमी आहेत म्हणून महिला गटांनी तक्रार केलेली. सिनेटरनं त्यांना पाठिंबा कबूल केला होता. मतदान सुरू झालं आणि त्याच्या माणसांच्या लक्षात आलं की आकडा जर १४३३ आणि १५०९ च्या मध्ये पडला तर विरोधक इथेच उठून विचारणार, "बहुमत किती ते आत्ता ठरवा", आणि त्या मतदानात मात्र ते वादातले १५१ जणही (समितीनं सिनेटरकडून काढून इतरांना दिलेले) हात वर करणार. म्हणजे गेलो. एकतर १५०९ च्या वर जिंका नाहीतर सरळ हरा, मधे अडकू नका. जिंकण्याइतकी मतं दिसेनात तेव्हा हॉलमध्ये धावपळ, या राज्याच्या डेलिगेशनपाशी वाका, त्या राज्याला फोन लावा, आठ मतं काढ, पाच काढ. स्वतःच्याच बाजूची मतं गुपचूप दुसरीकडे ढकलत होते. शेवटचा आकडा १४२९.०५ विरुद्ध १५५५.७५. हो, अपूर्णांकात, काही डेलिगेट्सचं अर्धं-पाव मत असायचं. टीव्हीवाल्यांना काहीच कळलं नाही, देशातला सगळ्यांत विश्वासू समजला जाणारा अँकर सांगत होता की सिनेटरला धक्का. मग कॅलिफोर्नियाचं मतदान आलं आणि १६१८.२८ विरुद्ध १२३८.२२, १५०९ च्याही वर, वादच संपला. महिला गट मात्र कायमचे दुखावले, ते कोणी फारसं लिहीत नाही.

पुढचं माहीतच आहे. उपराष्ट्राध्यक्षपदाच्या मतदानात लोकांनी चेष्टेत माओला आणि टीव्ही मालिकेतल्या पात्रालाही मतं दिली, उमेदवाराचं भाषण पहाटे तीनच्या सुमाराला, देश झोपलेला. नोव्हेंबरमध्ये एक राज्य आणि राजधानी, बस्स. डेमोक्रॅट्सनी धडा घेतला, जिंकेल त्याला सगळे हा प्रकार टप्प्याटप्प्यानं बंद केला (आता १५ टक्क्यांच्या वर ज्याला मतं त्याला त्या प्रमाणात वाटा), आणि १९८४ पासून सुपरडेलिगेट आणले, म्हणजे खासदार, गव्हर्नर, पक्षाचे पदाधिकारी, जनतेनं न निवडलेले. जुन्या दोन तृतीयांशचं भूतच, सूट घालून आलेलं.

रिपब्लिकन लोकांनी यातलं काही फारसं केलं नाही. आणि ते २०१६ ला महागात पडलं, किंवा स्वस्तात, कोणाला विचारता त्यावर आहे.

सतरा उमेदवार. मतविभाजन म्हणजे काय हे शिकवायला यापेक्षा चांगलं उदाहरण नाही. न्यूयॉर्कचा बिल्डर आयोवात दुसरा आला, २४ टक्के, सगळे म्हणाले फुगा फुटला. न्यू हॅम्पशायरला ३५. मग साउथ कॅरोलायना, ३२.५ टक्के मतं आणि डेलिगेट्स ५० पैकी ५०. म्हणजे तीनातल्या दोन माणसांनी दुसऱ्या कोणाला तरी मत दिलं आणि त्या दोघांच्या हाती शून्य. फ्लोरिडात ४५.७ टक्के आणि ९९ च्या ९९, तिथला स्थानिक सिनेटर त्याच रात्री घरी. तोवर झालेल्या एकाही राज्यात त्याला ५० टक्के मिळालेले नव्हते, ते मिळाले थेट १९ एप्रिलला, त्याच्या स्वतःच्या न्यूयॉर्कमध्ये. यात वाईट हे की आधीच्या २०१२ च्या अनुभवानंतर श्रेष्ठींनीच वेळापत्रक आखडून घेतलं होतं, निकाल लवकर लागावा, आपला शहाणासुरता माणूस फार दमू नये म्हणून. खड्डा खणला दुसऱ्यासाठी.

मग "नेव्हर"वाल्यांना, म्हणजे काही झालं तरी हा माणूस नको म्हणणाऱ्या रिपब्लिकनांना, बहुमताचा दुसरा अर्थ आठवला. २४७२ पैकी १२३७ गाठू द्यायचे नाहीत, गाठले नाहीत तर क्लीव्हलँडच्या कन्व्हेन्शनला दुसऱ्या फेरीत बघू, तिथे बरेच डेलिगेट्स हवं त्याला मत द्यायला मोकळे. टेक्सासच्या सिनेटरनं कोलोरॅडोत मतदानच नसलेल्या पद्धतीतून सगळे निवडून दिलेले डेलिगेट्स नेले, अगदी १९६४ स्टाइल, आणि बिल्डर ओरडला की चोरी झाली. ओरडण्यात दम होता की नाही सोडा, लोकांना ते पटलं, कारण "सगळ्यांत जास्त मतं तो जिंकला" हे पोराला पण कळतं आणि "१२३७ नाहीत म्हणून नाही" हे समजावायला फळा लागतो. ३ मे ला इंडियाना झाली आणि विषय संपला. कन्व्हेन्शनला नियमांवर मोजून मतदान घ्या म्हणून विरोधकांनी सह्या गोळा केल्या होत्या, काही राज्यांनी सह्या परत घेतल्या, सभेच्या अध्यक्षांनी तोंडी आवाजी मतदान घेतलं, झालं मंजूर. प्रायमरीत त्याची एकूण मतं साधारण ४५ टक्के.

२०२० ला तोच नाच डेमोक्रॅट्सकडे, उलट्या दिशेनं. व्हरमाँटचा समाजवादी सिनेटर पहिल्या राज्यांत पुढे. सुपरडेलिगेट्सना २०१८ मध्येच पहिल्या फेरीतून बाहेर काढलेलं, त्याच्याच लोकांच्या दबावानं. फेब्रुवारीत लास व्हेगासच्या डिबेटला सगळ्यांना विचारलं की बहुमत नाही पण सगळ्यांत जास्त डेलिगेट्स ज्याच्याकडे त्याला नॉमिनेशन द्यायचं का, तर तो एकटा हो म्हणाला आणि बाकी सगळे नाही. (२०१६ ला मागे असताना याचेच लोक सुपरडेलिगेट्सना म्हणत होते की आकडे विसरा, आमच्याकडे या. तेव्हा तत्त्व वगैरे परिस्थिती बघून.) मग २९ फेब्रुवारीला साउथ कॅरोलायना, दुसऱ्या दिवशी इंडियानातल्या एका शहराचा माजी महापौर बाहेर, तिसऱ्या दिवशी मिनेसोटाची सिनेटर बाहेर, मंगळवारी सुपर ट्यूसडे, म्हणजे एकाच दिवशी बऱ्याच राज्यांची मतदानं. रिपब्लिकन सतरा जणांना जे तीन महिन्यांत जमलं नाही ते इथे तीन दिवसांत. आणि प्रमाणात वाटप असल्यामुळे ३०-३५ टक्क्यांत कोणाला ९९ च्या ९९ मिळतच नव्हते.

आम्ही न्यू जर्सीवाले हे सगळं टीव्हीवर बघतो. आमची प्रायमरी जूनमध्ये, तोपर्यंत लग्न लागून वऱ्हाड घरी पोचलेलं असतं, आम्ही जातो ते अक्षता टाकायला. एडिसनमधल्या आमच्या गणपतीच्या ग्रुपवर दर वेळी कोणीतरी विचारतो, आपण मत कशाला देतोय? काउंटी कमिशनरसाठी, दुसरं काय.

२०२४ ला तर वादच नव्हता. आता तो बिल्डर फुटलेल्या मैदानातला ३२ टक्केवाला नव्हता, न्यू हॅम्पशायरलाच त्याला ५४ मिळाले. तरी त्याच्या माणसांनी आधीपासून राज्याराज्यांतले नियम आपल्या सोयीचे करून घ्यायचं काम केलं. कॅलिफोर्नियाच्या रिपब्लिकन पक्षानं २०२३ च्या उन्हाळ्यात ठरवलं की ज्याला ५० टक्क्यांच्या वर मतं त्याला सगळे १६९ डेलिगेट्स, नाहीतर प्रमाणात. म्हणजे १९७२ ला ४३.५ टक्क्यांवर २७१ देणाऱ्या त्याच राज्यात आता एका पक्षानं अर्ध्याच्या वरची अट लिहून घातली. ५ मार्चला त्याला ५० सोडा, पाऊणशेच्या वर टक्के पडले.