प्रसूतीच्या अवस्था

गर्भाशयाच्या लयबद्ध आकुंचनांनी बाळ, वार (बाळाला पोषण पुरवणारा, नाळेने जोडलेला अवयव) आणि गर्भावरणे योनिमार्गाने बाहेर पडणे म्हणजे प्रसूती. ३७ आठवडे पूर्ण झाल्यापासून ४२ व्या आठवड्याच्या आत झालेली प्रसूती पूर्ण दिवसांची मानतात.

ग्वाल्हेरच्या लष्कर भागातील मराठी घरांत पहिल्या बाळंतपणाला मुलगी माहेरी आणण्याची चाल आहे. प्रसूती मात्र रुग्णालयातच होते. शहरातील कमलाराजा रुग्णालय हे खास स्त्रिया व मुलांचे असून १९४६ मध्ये स्थापन झालेल्या गजराराजा वैद्यकीय महाविद्यालयाशी संलग्न आहे. दाखल होताना ‘दर्द कितनी देर में आ रहे हैं?’ असे विचारतात, आणि विचारायला हवे ते हेच. खऱ्या कळा ठरावीक अंतराने येतात, कंबरेतून पोटाकडे सरकतात, वाढत जातात आणि पडून राहिल्याने थांबत नाहीत. खोट्या कळा विश्रांतीने विरतात. पहिलटकरणीला दर पाच मिनिटांनी, मिनिटभर टिकणाऱ्या कळा तासभर येत राहिल्या की निघावे. पाणी गेले, रक्त दिसले किंवा बाळाची हालचाल मंदावली, तर कळांची वाट पाहू नये.

दिवस भरत आले की प्रोजेस्टेरॉन या संप्रेरकाचा गर्भाशयाला शांत ठेवणारा प्रभाव ओसरतो. इस्ट्रोजेन या दुसऱ्या संप्रेरकामुळे गर्भाशयाच्या स्नायूंवरील, कळा आणणाऱ्या ऑक्सिटोसिन संप्रेरकाचे ग्राही (संप्रेरक जिथे चिकटून काम करते त्या जागा) वाढतात, तर प्रोस्टाग्लँडिन ही रसायने गर्भाशयमुख मऊ करतात. बाळाचे डोके मुखावर दाबले गेले की मेंदूच्या तळाशी असलेल्या पोषग्रंथीतून (पिट्युटरी) आणखी ऑक्सिटोसिन स्रवते. त्याने कळा वाढतात आणि दाबही वाढतो. हे चक्र बाळ बाहेर येईपर्यंत चालते. भीतीने मात्र त्यात अडथळा येऊ शकतो. म्हणून आई, मावशी, जाऊ, जिचा आधार वाटेल अशी एक जण शेवटपर्यंत सोबत असावी. अशा सोबतीने प्रसूतीचा काळ कमी होतो आणि शस्त्रक्रियेची गरजही घटते.

पहिली अवस्था सर्वांत लांब. तिच्यात गर्भाशयमुख पातळ होत १० सेंटिमीटरपर्यंत उघडते. ५ सेंटिमीटरपर्यंतचा टप्पा संथ असतो आणि तो किती चालेल हे सांगता येत नाही. त्यानंतरचा टप्पा पहिलटकरणीत सहसा १२ तासांच्या आत, पुढच्या खेपांना १० तासांच्या आत संपतो. या काळात चालावे, कूस बदलावी. जोखीम नसेल तर पेज, सरबतही घ्यावे. कळा लवकर याव्यात म्हणून घरच्या घरी एरंडेल पाजू नये.

दुसऱ्या अवस्थेत बाळ जन्मते. हनुवटी छातीला टेकवून डोके खाली सरकते, कटिपोकळीच्या (कंबरेच्या हाडांमधल्या पोकळीच्या) आकाराप्रमाणे वळते आणि जघनास्थीखालून (ओटीपोटाच्या पुढच्या हाडाखालून) मान मागे झुकवत बाहेर येते. मग खांदे सुटतात. पहिल्या खेपेस याला तीन तासांपर्यंत लागू शकतात. कळ नसताना जोर लावायला सांगून बाईला थकवू नये.

बाळ रडले की सगळे घर बाळाभोवती गोळा होते. बाईच्या जिवाला सर्वाधिक जोखीम असते ती नेमकी इथून पुढे. तिसऱ्या अवस्थेत गर्भाशय आक्रसतो आणि वार त्याच्या भिंतीपासून सुटते. नाळ लांबल्यासारखी दिसते, रक्ताचा लोंढा येतो आणि पोटात टणक गोळा वर सरकलेला हाताला लागतो. पूर्ण दिवसांत गर्भाशयाला मिनिटाला अर्ध्या लिटरहून अधिक रक्त जात असते. वार सुटल्यावर उघड्या पडलेल्या रक्तवाहिन्यांना स्नायूंचे एकमेकांत गुंतलेले तंतूच आवळून बंद करतात. गर्भाशय सैल राहिला तर त्या बंद होत नाहीत आणि रक्त वाहत राहते. म्हणूनच बाळ जन्मताच आईला ऑक्सिटोसिनचे १० युनिट इंजेक्शन देतात. नाळ एक ते तीन मिनिटांनी बांधतात. वार सहसा अर्ध्या तासात पडते. ती पसरून प्रत्येक भाग पाहावा लागतो, कारण आत राहिलेला लहानसा तुकडाही गर्भाशयाला नीट आवळू देत नाही.

पुढचे दोन तास चौथी अवस्था धरतात. गर्भाशय टणक आहे ना, लघवी झाली का, नाडी आणि रक्तदाब किती, हे वारंवार पाहतात. बाळाला तासाभरातच अंगावर घ्यावे. त्याच्या चोखण्याने ऑक्सिटोसिन स्रवते आणि गर्भाशय आवळला जातो. पंधरा मिनिटांत पॅड पूर्ण भिजला, तर लगेच परिचारिकेला बोलवावे. घरी आल्यावर, शेकशेगडी चालू असतानाही, जास्त रक्तस्राव झाला, गाठी पडल्या किंवा ताप आला तर ‘अंग मोकळं होतंय’ म्हणून सोडून न देता १०८ क्रमांकावर गाडी बोलवावी.