नेक्टिन-४ आणि एफजीएफआर-३: एकाची चाचणी लागते, दुसऱ्याची नाही

"एफजीएफआर-३ निगेटिव्ह आलं. आता नेक्टिन-४ची टेस्ट कुठे करायची?" मूत्राशयाच्या पसरलेल्या कॅन्सरचे रुग्ण आणि त्यांचे नातेवाईक हे विचारत राहतात. उत्तर एकच: नेक्टिन-४वर नेम धरणारं औषध, एन्फोर्टुमॅब व्हेडोटिन, सुरू करायला ती टेस्ट लागत नाही.

एफजीएफआर-३ आणि नेक्टिन-४ ही कॅन्सरपेशींवरची प्रथिनं. दोन्हींना सरसकट 'टार्गेट' म्हणतात, आणि घोळ तिथूनच सुरू होतो. माझ्या मते रुग्णाशी बोलताना हा शब्द एकटा वापरूच नये.

एफजीएफआर-३ बहुतेकांना कळतं. जनुक बिघडतं, प्रथिन कायम 'चालू' राहतं, पेशी वाढत सुटते. अर्डाफिटिनिबची गोळी ते बंद करते. बिघाडच नसेल तर गोळी द्यायची नाही, म्हणून आधी जनुकीय चाचणी. असा बिघाड साधारण पाचांतल्या एका रुग्णात सापडतो.

नेक्टिन-४चं तसं नाही. पेशींना एकमेकींशी धरून ठेवणारं हे प्रथिन मूत्राशयाच्या बहुतेक कॅन्सरपेशींवर भरपूर असतं, आणि औषधाला तेवढंच पुरतं. एन्फोर्टुमॅब व्हेडोटिन नेक्टिन-४ला बंद पाडून पेशी मारत नाही. त्यातली अँटिबॉडी नेक्टिन-४ला चिकटते, पेशी तिला आत ओढून घेते, आत गेल्यावर जोड तुटतो आणि तिच्या पाठीवरचं एमएमएई हे विष मोकळं होतं. विभाजनासाठी लागणाऱ्या सूक्ष्मनलिका त्याने मोडतात आणि पेशी मरते. म्हणजे नेक्टिन-४ हा फक्त पत्ता. मारणारी असते ती त्या पत्त्यावर पोचवलेली केमो. बिघाड शोधायचाच नाही, मग चाचणी कशाची करणार?

पेम्ब्रोलिझुमॅब या इम्युनोथेरपीच्या औषधासोबत एन्फोर्टुमॅब रुग्णांवरच्या ज्या मोठ्या अभ्यासात दिलं, तिथेही रुग्ण नेक्टिन-४ बघून निवडले नव्हते. मध्यक आयुर्मान (निम्मे रुग्ण ज्याहून जास्त जगले तो काळ) ३१.५ महिने निघालं, नेहमीच्या केमोवर १६.१. 'निगेटिव्ह' शब्दाला घाबरून कुणी हे औषध विचारायचंच सोडलं, तर मला फार वाईट वाटतं.

दुष्परिणामांतही हाच फरक दिसतो. अर्डाफिटिनिबने रक्तातलं फॉस्फेट वाढतं, डोळे तपासत राहावे लागतात. एन्फोर्टुमॅबने हातपाय बधिर होतात, ते विषामुळे. पुरळ येतं, कारण नेक्टिन-४ त्वचेवरही असतं. हे पुरळ क्वचित जिवावर बेततं. ॲलर्जी समजून घरी मलम लावत बसू नका, त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करा.