बायपासनंतर तीन महिने नुसतं झोपून राहायचं?

'ओपन हार्ट झालं की तीन महिने बेडरेस्ट, चाललं की टाके तुटतात' हा मेसेज फिरतोच. भीती साहजिक आहे, पण ऑपरेशनसाठी कापून परत जोडलेलं असतं ते छातीचं हाड, स्टीलच्या तारेने, आणि ते जुळायला साधारण 6 ते 12 आठवडे लागतात, त्यामुळे जपायचं ते वजन उचलणं, ढकलणं, ओढणं (भरलेली बादली नकोच!). चालण्याने हाडावर तसा ताण येत नाही, उलट पडून राहिलं की स्नायू वितळतात न् दम कमी होतो, म्हणून तर हॉस्पिटलातच एकदोन दिवसांत पेशंटला उठवून चालवतात. डिस्चार्ज कार्ड बघा, बहुतेक वेळा चालणं लिहिलेलं असतं. चालताना बोलता आलं पाहिजे, वाक्य तुटायला लागलं की स्पीड कमी, आणि छातीत दुखलं, चक्कर आली किंवा हाड कटकट वाजलं तर थांबून डॉक्टरांना फोन.