उपग्रहांचे छायाग्रहण (हौशी रेडिओ)

हौशी रेडिओ उपग्रह विशिष्ट वेळी सूर्यप्रकाशात असेल की पृथ्वीच्या छायेत, हे गणिताने आधी ठरविण्याची रीत. येथील आकडे सोलापूर (17°40′ उ., 75°55′ पू.; हॅम म्हणजे हौशी रेडिओचालक ठिकाण सांगण्यास वापरतात त्या जाळीतील चौकोन एमके 77) हे निरीक्षणस्थान धरून दिले आहेत.

उपग्रहाचा दिवस जमिनीवरच्या दिवसाशी जुळत नाही. विषुवदिनी सोलापुरात सूर्य मावळल्यानंतर 620 किमी. उंचीवरचा उपग्रह माथ्यावर सुमारे पावणेदोन तास उन्हात राहू शकतो, तर 1,450 किमी. उंचीवरचा सुमारे अडीच तास. पहाटेही सूर्योदयापूर्वी तेवढाच काळ मिळतो. या दोहोंच्या मध्ये माथा छायेत असतो. सोलापूर प्रमाणवेळेच्या रेखावृत्ताच्या पश्चिमेस असल्याने येथील सौर मध्यरात्र घड्याळात साधारण साडेबाराच्या सुमारास येते. उन्हाळी अयनदिनाच्या मध्यरात्रीदेखील 1,450 किमी. उंचीचा उपग्रह माथ्यावर प्रकाशित नसतो. मात्र तोच उत्तर क्षितिजालगत उन्हात असू शकतो.

छायेच्या आकाराविषयी दोन पद्धती रूढ आहेत. पहिलीत छाया पृथ्वीच्या व्यासाची सरळ नळी मानतात; दुसरीत प्रच्छायेचा (पूर्ण छायेचा) निमुळता शंकू आणि भोवतीची उपच्छाया (अर्धवट छाया) वेगळी काढतात. प्रच्छाया सुमारे 14 लक्ष किमी. लांब असल्याने निम्न कक्षेत दोहोंतील फरक अगदी थोडा पडतो. उपग्रह छायेला काटकोनात छेदत असेल, तर उपच्छाया आठ-नऊ सेकंदांत ओलांडतो. तिरक्या छेदात हा काळ वाढतो. वातावरणातील प्रकाशाचे वक्रीभवन आणि पृथ्वीची चपटी आकृती यांमुळेही थोडी तफावत येते. रेडिओच्या कामास नळीची पद्धत पुरेशी आहे. शंकूचा आग्रह बॅटरीच्या विद्युत् भाराचा काटेकोर हिशेब मांडणाऱ्याने धरावा. नळीच्या पद्धतीने 620 किमी. आणि 1,450 किमी. या दोन्ही उंचींवर एका फेरीतील कमाल ग्रहण सुमारे 35 मिनिटांचे निघते. सूर्याची दिशा आणि कक्षातल (उपग्रहाची कक्षा ज्या सपाटीत असते ती) यांतील कोन पुरेसा मोठा झाला, की ग्रहण मुळीच होत नाही, 1,450 किमी. उंचीस ही मर्यादा सुमारे 55° आहे.

हे गणित सर्वांत जास्त उपयोगी पडते ते एओ-7 या हौशी रेडिओ उपग्रहासाठी. 15 नोव्हेंबर 1974 रोजी सोडलेला हा उपग्रह 1981च्या मध्यास बॅटरीत लघुमंडल (शॉर्ट सर्किट) होऊन बंद पडला आणि 21 जून 2002 रोजी पुन्हा ऐकू आला. बिघडलेल्या बॅटरीतील जोड तुटून मंडल खुले झाले आणि सौरपट्ट्यांची वीज थेट यंत्रणेला मिळू लागली, हे स्पष्टीकरण सामान्यतः मान्य आहे. पुनरागमन याहून आधीचे असावे, असेही एक मत आहे: 1982च्या सुमारास पोलंडमधील सरकारच्या भूमिगत विरोधकांनी उन्हात अधूनमधून जागा होणारा हा उपग्रह वापरल्याचे सांगतात. त्या कथेला अव्हेरण्याचे कारण नाही, पण सलग नोंदी 2002 पासूनच्याच असल्याने तोच काळ धरणे अधिक योग्य. एओ-7 छायेत शिरताच बंद होतो आणि बाहेर येताच नव्याने सुरू होतो. सलग प्रकाशाच्या काळात त्याचा 24 तासांचा गणक चालू राहून ए आणि बी हे मोड (संकेत घेऊन परत पाठविण्याच्या वारंवारतांच्या दोन जोड्या) आलटून पालटून लागतात. त्याच्यापाशी साठवलेली वीज नसल्याने जमिनीवरील एका प्रक्षेपकाने जास्त शक्ती वापरली, की सर्वांचेच संकेत डळमळतात. येथे संयम हा कौशल्याचाच भाग होय.

एओ-73 या हौशी उपग्रहाचे वर्तन नेमके उलट ठरविलेले होते. 2013 मध्ये सोडलेल्या या उपग्रहाची रचना उन्हात शाळांसाठी दूरमापन (उपग्रहावरील मोजमापे खाली पाठविणे) आणि छायेत ट्रान्सपाँडर (संकेत घेऊन पुन्हा प्रक्षेपित करणारे यंत्र) अशी केली होती. इस्रोने 5 मे 2005 रोजी श्रीहरिकोट्याहून सोडलेल्या हॅमसॅट या हौशी उपग्रहाची सेवा मात्र जुलै 2014 मध्ये बॅटरी निकामी झाल्याने संपली.

जीप्रेडिक्ट, ऑर्बिट्रॉन यांसारख्या संगणक प्रणाली कक्षीय मूलांकांवरून (उपग्रहाची कक्षा सांगणाऱ्या आकड्यांवरून) ग्रहणस्थिती दाखवितात. मूलांक जुने असल्यास उपग्रहाची वेळ चुकते आणि तिच्यासोबत छायाप्रवेशाचीही.