पायाच्या डॉक्टरकडे गेलं की बोट कापतात?

‘तिकडे गेलात तर बोट कापूनच परत पाठवतील’ असं मधुमेहाच्या पेशंटला सांगणारं कोणीतरी नाशकात भेटतंच. प्रकार उलटा आहे. बोट जातं ते बहुधा जखम अंगावर काढल्यामुळे.

पहिल्या भेटीत पायांबरोबर चपलाही बघतात, कुठल्या बाजूने झिजल्यात ते. म्हणून रोजच्याच घालून जा, लग्नातल्या नकोत! मग डोळे मिटायला लावून नायलॉनचा बारीक तंतू तळव्याला टेकवतात, तो वाकेपर्यंत. त्याचा दाब 10 ग्रॅमचा. तो कळला नाही, तर त्या पायाला खडा रुतलेलाही कळणार नाही. श्रावणातल्या तिसऱ्या सोमवारी त्र्यंबकला ब्रह्मगिरीची फेरी अनवाणी करणाऱ्या मधुमेहींनी एवढं तरी आधी तपासून घ्यावं. श्रद्धा काय, बूट घालूनही टिकते.

पायाची नाडीही बघतात. घट्टा पात्याने तासतात. ती मेलेली कातडी, सहसा दुखत नाही. घरी मात्र ब्लेड नको आणि मधुमेह असेल तर कुरूपाची पट्टीही नको, तिच्यातलं सॅलिसिलिक ॲसिड चांगली कातडीसुद्धा जाळतं. जाताना शुगरचे रिपोर्ट आणि चालू गोळ्यांची चिठ्ठी बरोबर ठेवा.